हलव्याला काटा कसा फुटतो?

साखरेच्या कलाकृतींचं प्रदर्शन म्हटलं की मन आधी परदेशात जातं. तिथे दाखवण्यासारखं आहेही. १५७४ मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिसला आला, तेव्हा त्याच्यासाठी मांडलेल्या मेजवानीत रुमालापासून सुऱ्यांपर्यंत सगळं साखरेचं होतं. राजाने रुमाल उचलला आणि तो हातात मोडला. २०१४ मध्ये कारा वॉकर या कलावतीने न्यूयॉर्कमधल्या डोमिनोच्या बंद साखर कारखान्यात साखरेने मढवलेली अवाढव्य स्त्री-स्फिंक्स उभी केली. उसाच्या मळ्यांत राबवलेल्या गुलामांचं ऋण तिला त्यातून मांडायचं होतं.

तरीही मला विचाराल, तर यांच्या तोडीची वस्तू दर जानेवारीत आमच्या वसईतल्या गोखिवऱ्यात घरोघरी दिसते. नव्या सुनेची पहिली संक्रांत असते, नाहीतर कुणा तान्ह्याचं बोरन्हाण. काळ्या साडीवर पांढराशुभ्र हार, बाजूबंद, बिंदी, नथ, कंबरपट्टा; बाळाच्या डोक्यावर मुकुट आणि हातात बासरी. सगळं हलव्याचं. फोटो निघतात, कौतुक होतं, आणि हलव्याचा एकेक दाणा नीट निरखायचा मात्र राहून जातो.

तो निरखावाच. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ न्या. दाण्याच्या अंगावर सगळीकडून बोथट टोकं बाहेर आलेली दिसतात. ती कुणी कोरलेली नाहीत आणि साच्यातूनही काढलेली नाहीत. ती वाढलेली आहेत.

करायची रीत अशी. साखरेचा पाक करायचा, त्यात चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढून टाकायची. परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन ती अगदी मंद आचेवर ठेवायची. मग चमच्याने थोडासा पाक सोडायचा आणि बोटांनी दाणे हलवत राहायचं. तो सुकला की पुन्हा थोडा. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो, आच वाढली तर साखरेची पिठी सुटते, हात जड पडला तर आलेला काटा मोडतो. हे काम दिवसचे दिवस चालतं. थंडी कोरडी असेल तर काटा चांगला येतो, हे हलवा करणाऱ्या बायका नेमकं सांगतात.

आता यातलं शास्त्र. साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. पाणी उकळतं असेल तर जवळजवळ ४९० ग्रॅम. म्हणजे गरम पाकात साखर दाटीवाटीने बसलेली असते. परातीत पाण्याची वाफ होऊ लागली की ती साखर स्फटिक होऊन बाहेर पडायला जागा शोधते, आणि तिळाचा पृष्ठभाग तिला आयता मिळतो. पण मग गोल गोळी का होत नाही? दाणा सगळ्या बाजूंनी घोळतोय, तर थरही सारखाच बसायला हवा.

हाच प्रश्न जपानमध्ये तेरादा तोराहिको (१८७८–१९३५) या भौतिकशास्त्रज्ञाला पडला होता. तिकडे ‘कोम्पेइतो’ नावाची साखरेची मिठाई असते. पहिल्यांदा पाहणारा मराठी माणूस तिला हलवाच म्हणेल, इतकं साम्य. उत्तराचा गाभा असा सांगतात: दाण्यावर कुठेतरी योगायोगाने किंचित उंचवटा येतो. घोळताना तो उंचवटा आधी टेकतो, पाक आधी त्याला लागतो आणि सुकतोही तिथेच. त्यामुळे तो आणखी उंच होतो, आणि पुढच्या थेंबावर त्याचा हक्क आणखी वाढतो. खोलगट जागा मागेच राहतात. सुरुवातीचा नगण्य फरक असा वाढत वाढत काट्यापर्यंत पोचतो.

कोम्पेइतोची कुळकथा तर आपल्या किनाऱ्याला हात लावून जाते. जपानला ही मिठाई पोर्तुगीजांमुळे मिळाली. १५६९ मध्ये लुईश फ्रोइश या जेझुइट पाद्रीने ती काचेच्या बाटलीत घालून ओदा नोबुनागा या सत्ताधीशाला भेट दिली. हाच फ्रोइश जपानला जाण्याआधी बरीच वर्षं गोव्यात होता, आणि तेव्हा आपली वसई पोर्तुगीजांकडे होती. १५३४ ते १७३९, चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत. पुढे १६८८ मध्ये इहारा साइकाकु या जपानी लेखकाने नागासाकीच्या एका माणसाची गोष्ट लिहिली. कोम्पेइतोचं गुपित शोधता शोधता त्याच्या हाती मर्म लागतं: आत तीळ घालायचा! ते वाचलं तेव्हा मी थक्क झालो. एवढ्यावरून आपला हलवा पोर्तुगीजांनी आणला, असं मी म्हणणार नाही. पण क्योतोच्या कढईत आणि आपल्या परातीत साखर एकाच नियमाने काटा धरते, हे मला पुरेसं नवल वाटतं.

दागिना ओवण्याची कला आणखी वेगळी. सुई टोचली तर दाणा फुटतो, म्हणून जुन्या पद्धतीत दाण्याभोवती दोऱ्याची गाठ मारतात, आणि दोरा घसरू नये याची काळजी काटेच घेतात. आता बरंच काम पुठ्ठ्यावर चिकटवून होतं. ते झटपट होतं आणि दिसतंही छान, पण गाठीच्या हाराला अंगावर जी लय येते, ती त्याला येत नाही.

मग हे संग्रहालयात का नाही? एक कारण हवेचं. हवेतली आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेली की साखर पाणी ओढून विरघळू लागते, आणि वसईचा पावसाळा ती मर्यादा सहज ओलांडतो. मुंग्यांचं तर सांगायलाच नको. दुसरं कारण मला अधिक खुपतं: हे घरात, बायकांच्या हातून आणि खाण्याच्या वस्तूपासून होतं, म्हणून त्याला कला म्हणायची सवयच आपल्याला लागली नाही.

वसईत असं प्रदर्शन भरवायला काय हरकत आहे? जानेवारीतच भरवावं. एका टेबलावर हलवा, कोम्पेइतो आणि पाडव्याची साच्यातली गाठी शेजारी शेजारी मांडावी, म्हणजे ओतलेली साखर आणि वाढलेली साखर यांतला फरक मुलांना डोळ्यांनी कळेल. मधोमध शेगडी पेटलेली असावी, आणि परातीपाशी बसलेल्या बाईचं नाव फलकावर ठळक अक्षरांत लिहावं.