चिपाडातला धागा आणि आपला बॉयलर



वजनकाट्यावर गाडी घेऊन आलेले सभासद बगॅसच्या ढिगाकडे बोट दाखवून आम्हांला विचारतात, "साहेब, या चिपाडातून म्हणे प्लॅस्टिकला बळकटी देणारा धागा निघतो. मग आपण ते जाळतो कशाला?" प्रश्न रास्त आहे.

एक टन ऊस गाळला की सुमारे २८० किलो बगॅस मिळतो. त्यात निम्मे पाणीच. कोरड्या भागात ४० ते ४५ टक्के सेल्युलोज, म्हणजे उसाला उभा ठेवणारा तंतू. बाकीच्यात मुख्यतः हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. घराच्या भिंतीत दगड धरून ठेवायला चुना, तसे तंतू धरून ठेवायला लिग्निन.

हे सांधे सोडवायला बगॅस चाळून, धुऊन कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात शिजवतात आणि ब्लीच करतात. पांढरा लगदा उरतो. इथवर वाट कागद गिरणीचीच. पुढे हा लगदा पाण्यासह मोठ्या दाबाने बारीक फटीतून पुन्हापुन्हा काढतात. दोराचा पीळ सुटावा तसे तंतू उकलतात. त्यांची जाडी मोजायची ती नॅनोमीटरमध्ये. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. वजनाला हलका आणि ताणाला चिवट असा हा धागा प्लॅस्टिकमध्ये नीट मिसळला, तर वस्तू मजबूत होते.

ही दाबाची रीत अमेरिकेत लाकडाच्या लगद्यावर बसवली गेली व १९८३ साली प्रसिद्ध झाली. जपानने असे वनस्पतिजन्य धागे वापरलेली मोटार २०१९ साली टोकियोच्या प्रदर्शनात मांडली. आपल्याकडे मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने सरकीवरच्या आखूड कापसापासून नॅनोसेल्युलोज करणारे प्रायोगिक संयंत्र २०१५ साली उभारले.

मग अडते कुठे? धाग्याला पाणी प्रिय, बहुतेक प्लॅस्टिकला पाण्याचे वावडे. धागा तयार होतो तो पाणीदार खळीसारखा. नुसता वाळवला तर गाठी धरतो, आणि त्या पुन्हा सहज सुटत नाहीत. या कामी वीज भरपूर लागते. शिजवल्यावर उरणारे काळे पाणी ओढ्यात सोडता येत नाही. त्याचा बंदोबस्त करावाच लागतो.

शिवाय आपला बगॅस फुकट जळत नाही. एक किलो ओला बगॅस सुमारे दोन किलो वाफ देतो. त्याच वाफेवर मिल फिरते, रस आटतो, वीज होते. सगळा बगॅस धाग्याला दिला तर बॉयलरला दुसरे जळण विकत आणावे लागेल, आणि तो खर्च शेवटी उसाच्या दरातच बसेल. म्हणून विचार करायचा तो बॉयलरचे पोट भरून उरणाऱ्या बगॅसचाच.

उद्या कोणी असा प्रकल्प घेऊन आला, तर त्याला तीन गोष्टी विचारा. धागा कोण घेणार आणि कोणत्या लेखी करारावर? काळ्या पाण्याचे काय करणार? बॉयलरमध्ये काय घालणार? तिन्हींची उत्तरे आकड्यांत मिळाली तर जरूर पुढे बसवून ऐकून घ्या. नाही मिळाली, तर चहा पाजून वाटेला लावा. ढीग आपला आहे, तेव्हा हिशेबही आपणच मागितला पाहिजे.