भोकरदनचा हस्तिदंत

नागपूर विद्यापीठाने १९७३ मध्ये मराठवाडा विद्यापीठासोबत आजच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनची पांढर खणली. तिथे हस्तिदंतात कोरलेली तुटकी स्त्रीमूर्ती निघाली. इटलीतल्या एका प्रसिद्ध मूर्तीचं माहेर त्या तुकड्यावरून ठरवावं, असं माझं मत आहे.

ती मूर्ती १९३८ साली पाँपेईतल्या एका घरात सापडली. शहर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीची हे नक्की. उंची जेमतेम २५ सेंटिमीटर. पायाला पायाची अढी घालून ती उभी आहे, एक हात मानेमागे गेलेला. कोपरापर्यंत बांगड्या, पोटऱ्या झाकणारे वाळे आणि दोन्ही अंगांना प्रसाधनाची भांडी घेतलेल्या चिमुकल्या दासी. डोक्यातून खाली आरपार भोक आहे. म्हणजे ही देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे; आरशाची मूठ किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावा. ‘पाँपेईची लक्ष्मी’ हे नाव तिला चिकटलं खरं, पण यक्षी म्हणणंच रास्त.

आधी ती मथुरेची मानली गेली. भोकरदनच्या तुकड्याशी साम्य पाहून पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी तिचं मूळ दख्खनात शोधलं. यावर मोठा आक्षेप लिपीचा: बैठकीवरचं अक्षर खरोष्ठी आहे आणि ती लिपी वायव्येची. पण त्याच शतकात नाशिक, जुन्नर आणि भडोचवर राज्य करणाऱ्या नहपान क्षत्रपाच्या नाण्यांवर ब्राह्मीबरोबर खरोष्ठीही आहे. ती लिपी वाचणारे आपल्या बाजारपेठांत होतेच. दुसरा आक्षेप जड आहे. सांचीच्या दक्षिण तोरणाच्या एका खांबावर विदिशेच्या दंतकारांनी आपण कोरीव काम केल्याचं लिहून ठेवलंय. मग मूर्ती त्यांची का नसावी? हा दावा पुरता खोडता येत नाही. मात्र त्याच सांचीच्या लेखांत भोगवर्धनचे, म्हणजे भोकरदनचे, दातेही आहेत. दोन गावांची ये-जा होती, तर हातही एकमेकांचे पाहून शिकले असणार. जोडीची मूर्ती मात्र विदिशेला नाही, भोकरदनला निघाली. आणि तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातही हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे.

कुणी म्हणेल, भोकरदनची मूर्ती सापडली तिथेच घडली कशावरून? खरं आहे, चैनीची वस्तू दूरवरूनही येते. इथे व्यापाराची दिशा कामी येते. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक सागरी व्यापाराचा ग्रंथ सांगतो, पैठण आणि तगर म्हणजे तेर इथला माल गाड्यांतून भडोचला उतरे, आणि भडोचहून परदेशी जाणाऱ्या मालात हस्तिदंत आहे. पुढे मोसमी वाऱ्यावर गलबतं तांबड्या समुद्रावरच्या इजिप्तच्या बंदरांत, तिथून उंटांवरून कोप्टोस आणि नाईलमधून अलेक्झांड्रिया. या नाईलकाठच्या कारागिरांनी तीन हजार वर्षं आधी हस्तिदंतात चिमुकल्या होड्या कोरल्या होत्या. आता तिथल्या खऱ्या होड्यांत आपल्याकडचा हस्तिदंत कोरून चढत होता.