ब्रेक मोजणारी गाडी

मर्सिडीजची जुनी ई-क्लास आज नव्या हॅचबॅकपेक्षाही स्वस्तात मिळते. लाकडी पट्ट्या, कातडी सीट, बोनेटवरचा तारा; पाहणाऱ्याला मोह पडतोच. पण गाडी 2002 ते 2006 मधली, म्हणजे डब्ल्यू-211 पिढीची पहिली आवृत्ती असेल, तर तिच्या ब्रेकची कुळकथा ऐकूनच खिशात हात घालावा. ही गाडी पुण्यातही जोडली जात असे, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या बाजारात ती दिसते.

साध्या गाडीत पायाचा जोर ऑइलमार्गे थेट चाकाशी पोचतो. इथे तसं नाही. बॉश आणि मर्सिडीज यांनी मिळून बनवलेल्या ‘एसबीसी’ यंत्रणेत पेडल फक्त इशारा देतं. सेन्सर तो वाचतो, संगणक हिशेब करतो आणि विजेच्या पंपाने साठवून ठेवलेला सुमारे 140 ते 160 बारचा दाब चाकाचाकाला हवा तेवढा सोडला जातो. पायाला जाणवणारा दाबसुद्धा बनावट! डोकं मात्र अफलातून. वायपर चालू असला की पॅड अधूनमधून डिस्कला हलकेच टेकतात आणि पाणी पुसून घेतात. आपल्या घाटांतल्या पावसाला याहून उपयोगी सोय कोणती?

घोडं अडलं ते भरवशावर. 2004 मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे 6 लाख 80 हजार गाड्या या ब्रेकसाठी परत बोलावल्या, पुढच्या वर्षी पुन्हा मोठी मोहीम निघाली आणि 2006 च्या सुधारित ई-क्लासमध्ये साधे हायड्रॉलिक ब्रेक परत आले. यंत्रणा बंद पडली तरी गाडी थांबते, पण फक्त पुढच्या चाकांवर. पेडल खोल जातं आणि पायाला सगळा जोर लावावा लागतो.

खरी गोम मोजणीत आहे. ब्रेक किती वेळा दाबला हे युनिट मोजत असतं. आकडा सुमारे 3 लाखांपर्यंत गेला की लाल सूचना येते आणि आख्खं युनिट बदलण्याचा सल्ला मिळतो. रोज दोनशे वेळा ब्रेक लागला तर चारेक वर्षांत तो आकडा गाठला जातो. म्हणून एक्सप्रेसवेवर लाखभर किलोमीटर धावलेली गाडी मुंबईच्या सिग्नलांवर चाळीस हजार रखडलेल्या गाडीपेक्षा धडधाकट असू शकते. किलोमीटरचा काटा इथे फसवतो.

नव्या युनिटचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीला टेकू लागतो. मग ‘काउंटर झिरो करून देतो’ म्हणणारे भेटतात. त्याने सूचना जाते. पंपाच्या मोटरचे झिजलेले कार्बन ब्रश आणि थकलेला दाबसाठा तसाच राहतो. हा शुद्ध आंधळेपणा आहे. युनिट उघडून झिजलेले भाग बदलणारे जाणकार शोधणं त्यापेक्षा कितीतरी बरं. साधे पॅड बदलायलाही स्कॅनर लावून आधी यंत्रणा निष्क्रिय करावी लागते. नाहीतर ती आपोआप जागी होते, दाब सुटतो आणि कॅलिपरमध्ये फिटरची बोटं चिरडू शकतात.

तेव्हा टोकन देण्याआधी स्कॅनर लावून काउंटरचा आकडा पाहा, युनिट कधी बदललं याचं बिल मागा. मालक टाळाटाळ करू लागला, तर 2006 नंतरची सुधारित ई-क्लास बघा.