जुळलेली बोटे
हाताची लगतची दोन वा अधिक बोटे जन्मतःच एकमेकांस जोडलेली असण्याच्या विकृतीस जुळलेली बोटे किंवा सिंडॅक्टिली म्हणतात. सु. दोन ते तीन हजार नवजात बालकांमागे एकात ती आढळते. मध्यमा व अनामिका ही जोडी सर्वांत जास्त वेळा जुळलेली असते. गर्भाचा हात प्रथम वल्ह्याच्या पात्यासारखा सलग असतो. सहाव्या ते आठव्या आठवड्यांच्या दरम्यान बोटांमधील कोशिका मरून नाहीशा होतात व बोटे सुटी होतात. हा कोशिकानाश अपुरा राहिल्यास बोटे जुळलेलीच राहतात. काही घराण्यांत ही विकृती आनुवंशिक असते. आईने ग्रहण पाळले नाही म्हणून असे होते, ही समजूत निराधार आहे.

केवळ त्वचा जुळलेली असल्यास साधा आणि अस्थीही सांधलेल्या असल्यास जटिल प्रकार म्हणतात. क्ष-किरण चित्रावरून तो ठरवितात.

शस्त्रक्रियेतील खरी अडचण त्वचेच्या तुटवड्याची असते. दोन सारख्या गोल बोटांचा सुटेपणीचा एकूण घेर जुळलेल्या जोडीच्या घेरापेक्षा सु. २२ टक्क्यांनी अधिक भरतो. त्यामुळे मधोमध चिरून कडा नुसत्या शिवणे शक्य नसते. शिवाय सरळ छेदाचा व्रण आकसून वाढते बोट तळव्याकडे वाकते. म्हणून छेद नागमोडी घेतात, टी. डी. क्रोनिन या अमेरिकन शल्यविशारदांनी १९५६ मध्ये या छेदाचे फलित प्रसिद्ध केले. बोटांमधील बेचके हाताच्या पाठीकडील त्वचेची पट्टी, तिचे बूड न तोडता, पुढे वळवून घडवितात. तेथे व्रण पडल्यास बेचके हळूहळू बोटाच्या टोकाकडे सरकते. उघड्या राहिलेल्या भागावर बहुधा जांघेतील पूर्ण जाडीच्या त्वचेचे रोपण करतात. ती जांघेच्या बाहेरील बाजूची घ्यावी, नाहीतर वयात आल्यावर बोटांवर केस उगवतात.

शस्त्रक्रिया साधारणतः एक ते दोन वर्षांच्या वयात करतात. अंगठा-तर्जनी किंवा अनामिका-करंगळी जुळलेली असल्यास मात्र थांबणे हितावह नसते. आखूड बोट वाढत्या लांब बोटास ओढून वाकविते, म्हणून ती पहिल्या वर्षातच सोडवितात. तीन बोटे जुळलेली असल्यास मधल्या बोटाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी मोकळ्या करीत नाहीत. रक्तपुरवठा तुटून ते बोट गमावण्याचा धोका असतो. दुसरी बाजू काही महिन्यांनंतर सोडवितात. मूल पट्टी ओढून काढते, म्हणून ती कोपराच्या वरपर्यंत बांधतात. वाढ पुरी होईपर्यंत हात अधूनमधून तपासून घ्यावा लागतो व काहींना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

पायाची जुळलेली बोटे चालण्यास सहसा अडथळा करीत नाहीत. ती बहुधा तशीच ठेवतात.