पाऊण जीबी मेमरी गेली कुठे?

मंडळाच्या मागच्या दिवाळी कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एका बाईंनी मला गाठले. मुलीसाठी नवा लॅपटॉप घेतला होता. "खोक्यावर १६ जीबी लिहिलंय आणि आत बघितलं तर वापरण्याजोगी १५.७ म्हणतोय. दुकानदाराने फसवलं का हो?" डॉक्टर दिसला की लोक लग्नातसुद्धा दुखणी सांगतात, तशातलाच हा प्रकार. मागे रांग खोळंबली होती म्हणून मी "नाही, फसवलेलं नाही" एवढेच म्हणालो. सविस्तर उत्तर द्यायचे, तर मला २००८ सालची माझी एक फजिती आधी सांगावी लागेल.

तेव्हा मी इथे पीएच.डी. करत होतो आणि एका मराठी कुटुंबाकडे खोली घेऊन राहत होतो. घरातले काका बँकेतून निवृत्त होऊन मुलाकडे आलेले. घरचा संगणक फारच रखडत चाले, म्हणून आम्ही दोघे सिम लिम स्क्वेअरला जाऊन दोन-दोन जीबीच्या दोन मेमरीच्या पट्ट्या बसवून आणल्या. घरी येऊन पाहतो तो विंडोज व्हिस्टा ३३२६ एमबी दाखवते. चार जीबी म्हणजे ४०९६. काकांनी कागदावर वजाबाकी केली: ७७० कमी.

दुसऱ्या दिवशी आम्ही संगणक उचलून पुन्हा दुकानात. दुकानदाराने खोके उघडून दोन्ही पट्ट्या दाखवल्या. यंत्र सुरू करताना काळ्या पडद्यावर ४०९६ हा आकडाही दाखवला. काका मला मराठीत म्हणाले, "दोन वह्यांचा मेळ बसत नाही, म्हणजे मध्ये कुणीतरी खातंय." माझ्या डॉक्टरेटचा विषय यंत्रांची कंपने, संगणक मी नुसता वापरत होतो, पण 'इंजिनिअर' या शब्दाच्या जोरावर मी त्या माणसाला चार लोकांत बरेच सुनावले. त्याने निमूटपणे एक पट्टी बदलून दिली. आकडा तोच राहिला. रात्री मी वाचत बसलो, आणि जसजसे कळत गेले तसतसे तोंड लपवावेसे वाटू लागले.

मेमरी म्हणजे कोट्यवधी छोट्या खोल्या. प्रत्येक खोलीत एक बाइट, म्हणजे साधारण एक अक्षर मावते. प्रोसेसरला एखाद्या खोलीतले अक्षर हवे असेल तर त्याला पत्ता सांगावा लागतो. हा पत्ता शून्य आणि एक या दोनच चिन्हांत लिहिलेला असतो. एका चिन्हाने दोन पत्ते होतात, दोन चिन्हांनी चार, दहांनी १०२४. पत्ता ३२ चिन्हांचा असेल तर एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. यालाच आपण ४ जीबी म्हणतो. त्यापुढचा पत्ता लिहिताच येत नाही.

पण मग चार जीबी पुरती मिळायला हवी होती. काकांचाही नेमका हाच प्रश्न होता. त्यांना समजावताना मला आपला पिनकोड उपयोगी पडला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या राजापूरकडच्या मराठी गृहस्थांच्या डोक्यातून निघाली. (ते संस्कृतचे कवी-नाटककारही होते.) त्यात पहिला आकडा विभागाचा. १ ते ८ हे आकडे प्रदेशांना दिले आणि ९ लष्करी टपालासाठी राखून ठेवला. म्हणजे ९ ने सुरू होणारे सगळे क्रमांक गावांच्या दृष्टीने गेलेच. देशात गावे कितीही असोत, तो क्रमांक कुठल्याही गावाला मिळायचा नाही.

संगणकातही असाच राखीव विभाग असतो. प्रोसेसरला फक्त मेमरीशी बोलून भागत नाही. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, यूएसबी, सगळ्यांशी तो पत्त्यानेच बोलतो. त्यांना चार जीबीच्या वरच्या टोकाचे पत्ते दिलेले असतात. यंत्र सुरू होताच प्रोसेसर पहिली सूचना वाचतो तीसुद्धा या टोकाच्या १६ बाइट अलीकडच्या पत्त्यावरून, आणि तिथे मेमरीची पट्टी नसून मदरबोर्डवरची बायॉसची चिप असते. काकांच्या ग्राफिक्स कार्डाने एकट्याने २५६ एमबीचे पत्ते अडवले होते. तेवढ्या खोल्या पट्टीवर शाबूत होत्या, पण पत्ताच नाही तर पोस्टमन जाणार कसा? दुकानदाराच्या पडद्यावरचा आकडा खोल्यांचा होता, विंडोजचा आकडा पत्ता असलेल्या खोल्यांचा. दोन्ही वह्या खऱ्या.

ही जुनीच खोड आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीत पत्ता २० चिन्हांचा, म्हणजे एकूण १ एमबी. त्यातले ६४० केबी प्रोग्रॅमना आणि वरचे ३८४ केबी पडदा वगैरेंसाठी राखीव. त्या ६४० च्या भिंतीवर पुढे कित्येक वर्षे लोकांनी डोके आपटले.

पत्ते कमी पडले तर आकडे वाढवावेत, हा सरळ उपाय. सिंगापूरने १९९५ साली प्रत्येक इमारतीला स्वतंत्र क्रमांक देता यावा म्हणून पोस्टाचा चार आकडी क्रमांक सहा आकडी केला. त्याच वर्षी आलेल्या पेंटियम प्रो प्रोसेसरमध्ये ३६ चिन्हांच्या पत्त्याची, म्हणजे ६४ जीबीची सोय होती. लिनक्स आणि मोठ्या सर्व्हरचे विंडोज ती वापरतही. घरगुती ३२ बिट विंडोजला मात्र मायक्रोसॉफ्टने चार जीबीच्या पत्त्यांतच कोंडून ठेवले. कारण असे की, प्रिंटरपासून ध्वनीपर्यंतच्या उपकरणांचे कितीतरी ड्रायव्हर पत्ता ३२ चिन्हांचाच असतो असे धरून लिहिलेले होते. मोठा पत्ता पुढे आला की ते यंत्रच बंद पाडत. मला हा निर्णय तेव्हा चिडवून गेला. पुढे स्वतः सॉफ्टवेअर लिहू लागल्यावर पटला.

दुकानदाराकडे मी एकटाच गेलो आणि माफी मागितली. "रोज दोघे-तिघे येतात," एवढेच तो म्हणाला. काकांना पिनकोड पटला, पण पुरता नाही. दोन महिन्यांनी व्हिस्टाचा पहिला सर्व्हिस पॅक बसवला आणि संगणक चक्क ४ जीबी दाखवू लागला. काकांनी मला खोलीतून हाक मारून बोलावले. "बघ, आली माझी पाऊण जीबी!" मायक्रोसॉफ्टने फक्त एवढेच केले होते की, वापरता येणाऱ्या मेमरीऐवजी बसवलेल्या मेमरीचा आकडा दाखवायला सुरुवात केली होती. टास्क मॅनेजरमध्ये ३३२६ तसाच होता. मी तो त्यांना दाखवला नाही.

खरा उपाय ६४ बिटांचा. एएमडीने २००३ साली तसे प्रोसेसर आणले. त्यांच्या यंत्रांत अडलेल्या खोल्यांना चार जीबीच्या पलीकडचे पत्ते देता येतात. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांतच मिळते. पण पुण्या-नाशिकला आई-वडिलांकडे ठेवलेल्या जुन्या यंत्रात मेमरी वाढवायचा बेत असेल, तर आधी पाहा: प्रोसेसर ६४ बिटांचा असूनही वर ३२ बिटांचे विंडोज असू शकते, आणि मग आठ जीबी बसवली तरी हाती चारसुद्धा येणार नाहीत. काही जुन्या मदरबोर्डांना चार जीबीपुढचे पत्तेच नाहीत. तिथे विंडोज बदलूनही उपयोग नाही. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा त्या पट्टीवर पैसे घालावेत का, हा विचार करावा.

आता त्या बाईंचा लॅपटॉप. तिथे पत्त्यांची टंचाई नाही. त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. पडद्याचे काम प्रोसेसरमधलाच एक भाग करतो, त्याची स्वतःची मेमरी नसते, म्हणून तो सुरुवातीलाच मुख्य मेमरीतून थोडी बाजूला काढून घेतो. ती ०.३ जीबी वाया गेलेली नाही. मुलीला पडद्यावर जे दिसते, ते तिथेच तयार होते.