मूल वाचताना अडखळते : शिकवणी लावावी की तपासणी करावी?

“डॉक्टर, गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगतो. पण पुस्तक समोर ठेवलं की याला तहान लागते, नाहीतर पोट दुखतं. दोन शिकवण्या बदलल्या, तरी तेच.” दुसरी-तिसरीतल्या मुलांच्या पालकांकडून हे आम्ही नेहमी ऐकतो. त्यानंतर हमखास येणारे वाक्य म्हणजे “हुशार आहे हो, पण आळशी आहे.” या वाक्यावर विश्वास ठेवण्याआधी थोडे थांबा.

वाचन आपोआप का येत नाही?

बोलणे मूल ऐकून शिकते. वाचन मात्र शिकवावे लागते. ‘कमळ’ या शब्दात क, म, ळ असे वेगवेगळे आवाज आहेत हे आधी कानाला कळावे लागते. मग प्रत्येक आवाजाची अक्षराशी जोडी लागते आणि भरपूर सरावानंतर ती चटकन आठवू लागते. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरेही असतात. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण तिचा उच्चार नंतर होतो. घ-ध, म-भ, ब-व ही अक्षरे दिसायला जवळची आहेत. त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

लिहिण्यासाठी बोटांच्या लहान स्नायूंवर ताबा लागतो. तीन-चार वर्षांच्या मुलाकडून पानभर मुळाक्षरे गिरवून घेतल्याने तो ताबा लवकर येत नाही, उलट लिहिण्याचा कंटाळा येतो. या वयात कणकेचे गोळे करणे, मणी ओवणे, मटार सोलणे, पाटीवर रेघोट्या मारणे हीच लेखनाची तयारी आहे. अक्षर उलटे काढणे सहा-सात वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांत दिसते. तेवढ्यावरून घाबरू नका.

शिकवणीआधी हे तपासा

• डोळे : फळ्यावरचे दिसत नाही हे मूल स्वतःहून सांगेलच असे नाही. चष्म्याचा नंबर तपासून घ्या.
• कान : वारंवार सर्दी होऊन कानात पाणी साठले, तर ऐकू कमी येते आणि सारखे आवाज वेगळे कळत नाहीत.
• झोप आणि रक्त : अपुरी झोप किंवा रक्तक्षय असेल तर लक्ष लागत नाही.
• भाषा : घरची भाषा आणि शाळेचे माध्यम वेगळे असल्यास मुलाला जास्त वेळ द्यावा लागतो.
• शाळा : बरीच गैरहजेरी, शाळाबदल किंवा वर्गातली भीती यांमुळेही मूल मागे पडते.

अध्ययन अक्षमता कधी असू शकते?

हे सगळे ठीक असून, नीट शिकवूनही सहा महिन्यांत फारशी प्रगती दिसत नसेल, तर वाचन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियाचा विचार करावा लागतो. यात बुद्धी कमी नसते. आवाज आणि अक्षर यांची जोडी लावायला मेंदूला जास्त कष्ट पडतात. ही अडचण अनेकदा कुटुंबात चालत आलेली असते. पुढील खुणा पाहा :

• यमक जुळवता न येणे, शब्दातले आवाज सुटे न करता येणे
• पहिले अक्षर पाहून पुढचा शब्द अंदाजाने वाचणे
• काना-मात्रा, जोडाक्षरे सतत गाळणे
• तोंडी उत्तर बरोबर, पण लेखी पान कोरे

पक्के निदान साधारणपणे आठ वर्षांच्या आसपास, तिसरीच्या सुमारास केले जाते. मदत मात्र त्याआधीच सुरू करायची असते. निदानाची वाट पाहत बसू नका.

घरी रोज पंधरा मिनिटे

शिकवणीचे तास वाढवण्यापेक्षा रोजचा थोडा, ठरावीक वेळ जास्त उपयोगी पडतो. पाच मिनिटे आवाजांचा खेळ खेळा : “‘पाट’मधला ‘प’ काढून ‘व’ घातला तर काय होईल?” पुढची पाच मिनिटे एक-दोन अक्षरांचाच सराव घ्या. अक्षर तोंडाने म्हणत रव्यात किंवा पाटीवर मोठे काढू द्या. उरलेला वेळ तुम्ही गोष्ट वाचा आणि शब्दाखालून बोट फिरवा. चुकले तर बरोबर शब्द सांगून पुढे चला. तोच शब्द वीस वेळा लिहायला लावू नका. भावंडांशी तुलना आणि मार यांमुळे वाचन सुधारत नाही, पुस्तकाची भीती तेवढी वाढते.

शिकवणी लावायचीच असेल, तर बाई किंवा सर मुलाला कुठे अडते ते शोधतात की फक्त गृहपाठ उरकून घेतात, हे बघा. अध्ययन अक्षमता असल्यास विशेष शिक्षकाची मदत लागते. ती बरी करणारे टॉनिक किंवा औषध नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पहिली संपत आली तरी साधे दोन अक्षरी शब्द वाचता येत नसतील, शाळेत जायच्या वेळी रोज पोट दुखत असेल किंवा मूल “मी ढ आहे” असे म्हणू लागले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. मुलाच्या वह्या सोबत न्या. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. ‘शिक्का बसेल’ या भीतीने तपासणी टाळू नका. ‘ढ’ आणि ‘आळशी’ हे शिक्के त्याच्यावर आधीच बसलेले असतात. खरे कारण कळले, तर ते पुसता येतात.