ऊन खानदेशचे, मिळकत कोणाची?

पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी अरुंद रुळांची 'पीजे' पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झाली. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत ५६ किलोमीटर धावणाऱ्या या गाडीने कपाशीच्या पट्ट्यातला माल मुख्य लोहमार्गाला आणून दिला. सरकी काढून रुईच्या गाठी इथे बांधल्या गेल्या; सूत, कापड आणि त्यातली खरी कमाई मुंबईकडे गेली. २०२० च्या टाळेबंदीत पीजे थांबली. आता तिच्या जागी बोदवडपर्यंत रुंद रूळ टाकायची योजना आहे. त्या रुळांवरून काय जाणार, हा प्रश्न मात्र जुनाच आहे. पूर्वी रुई गेली; आता हरित उद्योगांच्या नावाने ऊन, वारा आणि जमीन जाणार का?

विखरणचा धडा

खानदेशातल्याच धुळे जिल्ह्याला या बाबतीत अनुभवाची कमतरता नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्याच तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. त्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचे कर्ज होते. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणला मात्र वेगळेच घडले. तिथली जमीन वीजप्रकल्पासाठी संपादित झाली. आधी औष्णिक, पुढे सौर. धर्मा पाटील या वृद्ध शेतकऱ्याला पाच एकरांचे जेमतेम चार लाख मिळाले. वाढीव मोबदल्यासाठी खेटे घालून थकल्यावर २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले. २८ तारखेला ते गेले. धूर असो वा नसो, बाधिताच्या हातावर काय टेकवले यावरच प्रकल्पाचा न्याय ठरतो.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्याची (२०२३) वाट वेगळी आहे. तिच्यात खासगी जमीन विकत न घेता भाड्याने घेतात. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, त्यावर दरसाल ३ टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी ५ लाख. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. उपकेंद्राजवळ तयार झालेली वीज दिवसा शेतीच्या फीडरवर येते, म्हणजे गव्हा-हरभऱ्याला बारे द्यायला रात्री बॅटरी घेऊन, सापाविंचवाच्या आणि बिबट्याच्या धास्तीत जायला नको.

पण हे भाडे सातबारा असलेल्याला. योजना सरकारी जमिनीही मागते आणि गावात सरकारी जमीन म्हणजे बहुधा गायरान. त्यावर शेळ्या चारणारा भूमिहीन, धुळ्याकडचा ठेलारी मेंढपाळ, पिढ्यान्‌पिढ्या तुकडा कसणारा भिल्ल यांचे नाव कोणत्याच करारात नसते. तारेचे कुंपण पडले की त्यांचा हक्क बोलायच्या आतच संपतो.

राखेच्या अलीकडचे

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रात अजून कोळसाच जळतो. २१० मेगावॅटचे जुने संच मोडीच्या वाटेवर, ५०० चे दोन संच चालू आणि शेजारी ६६० चा नवा. हे काही उद्या बंद होणार नाही. पण जुना संच थांबतो तेव्हा कायम कर्मचाऱ्याची बदली होते, कंत्राटी कामगाराचा ठेका संपतो. राखेचे टँकर, चहाची टपरी, भाड्याच्या खोल्या या साऱ्यांचे पोट त्याच धुराड्यावर. जर्मनीने २०२० मध्ये कोळसा सोडायचा कायदा केला, त्याबरोबर कोळसा-प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूदही केली. आपल्याकडे संच बंद करायची तारीख ठरते. माणसांचे काय, ते नंतर बघू म्हणतात.

पऱ्हाटीचा हिशोब

पाचोऱ्याचा स्वतःचा हरित उद्योग शोधायचा तर शेताच्या बांधावर बघावे. कपाशीची वेचणी संपली की पऱ्हाटी, म्हणजे झाडांच्या काड्या, उरते. थोडी चुलीला जाते, बाकी पेटवून देतात. गुलाबी बोंडअळीचे चक्र तोडायला फरदड, म्हणजे त्याच झाडांचे पुढचे पीक, न घेता पऱ्हाटी वेळेत उपटावी, असा कृषी खात्याचा आग्रह असतोच. हीच पऱ्हाटी वाळवून, भुगा करून यंत्रात दाबली की 'पांढरा कोळसा' तयार होतो. लाकडातले लिग्निन उष्णतेने मऊ होऊन भुगा धरून ठेवते, वेगळा डिंक लागत नाही. केंद्राच्या २०२१ च्या धोरणाने औष्णिक केंद्रांना कोळशात ५ टक्के जैवभार मिसळायला सांगितले आहे. म्हणजे गिऱ्हाईक दीपनगरला, पाचोऱ्याच्याच जळगाव जिल्ह्यात आहे.

इथे भूगोल गावाच्या बाजूने आहे. पऱ्हाटी हलकी आणि पसरट. ट्रॉली भरते, वजन भरत नाही. लांब नेली तर डिझेलच नफा खाते. म्हणून कारखाना तालुक्यातच हवा. मात्र उपटणी, वाहतूक आणि ओलाव्याची कपात धरून शेतकऱ्याला दर परवडला नाही, तर काडेपेटीच स्वस्त पडते. खरेदीचा दर हंगामाआधी जाहीर होणे आणि शेतकरी उत्पादक कंपनीला कारखान्यात हिस्सा मिळणे, धोरणाचे खरे काम हे आहे.

अनुदानाच्या योजना मुंबई-दिल्लीत आखल्या जातात आणि प्रत्येक खाते आपापली फाईल चालवते. सौर महावितरणकडे, पऱ्हाटी कृषी खात्याकडे, कामगार तिसऱ्याकडे. जिल्हा नियोजन समितीने या फायली एका टेबलावर आणाव्यात आणि प्रत्येक प्रकल्पाला मंजुरीआधी तीन प्रश्न विचारावेत: भाडे कोणाला, नोकरी कोणाला, गायरान गेलेल्याला काय? उत्तरे कागदावर आल्याशिवाय कुदळ मारू देऊ नये.